स्मरणचित्रातला यंत्रमानव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षे चित्रकला शिकलो. शाळेतल्या ग्रेड परीक्षांना बसलेले पुष्कळजण या सभागृहात असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र ही नावे त्यांच्या कानांत अजून असतील. वस्तुचित्राच्या तासाला टेबलावर तांब्या, दोन वांगी आणि एखादा रुमाल मांडला, की शिक्षकाचे अर्धे काम होते. स्मरणचित्राला मात्र समोर काहीच नसते. त्या तासाला गुरुजी वर्गाच्या खिडक्या लावून घेत, आम्हाला डोळे मिटावयास सांगत, आणि मग एवढेच म्हणत, "काल गुलमंडीच्या बाजारात काय पाहिलेत, ते काढा." एकदा एका मुलाने टांगेवाल्याचा चाबूक धरलेला हात त्याच्या धडाहून मोठा काढला. वर्ग हसला. गुरुजींनी तो कागद उचलून भिंतीवर लावला आणि म्हणाले, "याला चाबूकच आठवला. जे आठवले, ते मोठे."

आजच्या व्याख्यानाचा विषय मी या एका वाक्याच्या भरवशावर निवडला आहे. गेली कित्येक वर्षे माझ्या चित्रांतून एक आकृती पुनःपुन्हा येत राहते : लोखंडी सांध्यांची, चौकोनी खांद्यांची, डोळ्यांच्या जागी दोन दिवे असलेली. प्रदर्शनाला येणारे सज्जन मला विचारतात, की मराठवाड्याच्या मातीत वाढलेल्या चित्रकाराच्या चित्रात हा यंत्रमानव कोठून आला? परदेशी मासिकांतून? सिनेमातून? पुढे येणाऱ्या युगाच्या चाहुलीतून? मित्रहो, तो मागून आला आहे. तो माझ्या बालपणातून आला आहे. चित्रकाराच्या दृष्टीने यंत्रमानव हा भूतकाळाचा रहिवासी आहे, आणि त्याला चितारणे हे अस्सल स्मरणचित्राचे काम आहे, असे माझे म्हणणे आहे. ते मी तीन अंगांनी मांडणार आहे : मुलाचा विस्मय, यंत्रमानवाचे नाव, आणि यंत्राची स्मृती. तिन्ही अंगे सारख्या लांबीची होतील, अशी हमी मात्र मी देत नाही.

पहिली गोष्ट विस्मयाची. मी पाहिलेला पहिला यंत्रमानव मनुष्याकृती नव्हता; ते जाते होते. आमच्या घरी पहाटे चारला आजीचे जाते सुरू होई. तिची मांडी ही माझी उशी असे. आणि जात्याची घरघर, पिठाचा उबदार वास आणि तिची ओवी या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे मला फार उशिरा कळले. मला ते एकच काहीतरी वाटे, ज्याचे नाव पहाट. पुढे मी सहा-सात वर्षांचा असताना आजी मला पाणचक्की दाखवावयास घेऊन गेली. आपल्या गावची पाणचक्की आपण सर्वांनी पाहिली आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने आपण ती पाहिलेली नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या त्या आवारात, खाम नदीच्या काठी, उत्तरेकडील डोंगरांतल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून कित्येक मैल चालत येते, उंच भिंतीवर चढविले जाते, तेथून हौदात कोसळते. आणि त्याच पाण्याच्या झोताने खालचे पात्यांचे चक्र फिरते, चक्राचा दांडा फिरतो, आणि दांड्याबरोबर वरची दगडी तळी फिरते. फकीर, प्रवासी आणि गोरगरीब यांच्यासाठी तेथे धान्य दळले जाई. या सर्व गोष्टी मला आज ठाऊक आहेत. त्या दिवशी मला एवढेच दिसले, की जाते फिरते आहे आणि खुंट्याला हात कोणाचाच नाही.

मी भ्यालो. आजीचा पदर धरून उभा राहिलो. आजीने ते फिरणे पुष्कळ वेळ न्याहाळले, वाकून कान लावला, आणि मला म्हणाली, "लेकरा, जातं फिरायलंय खरं, पण ओवी कोण म्हणायलंय?"

श्रोतेहो, त्या अशिक्षित बाईच्या प्रश्नाची पुरती किंमत मला कळली ती चाळीस वर्षांनी, आणि तीही आपल्याच शेजारच्या पैठणच्या निमित्ताने. पैठण म्हणजे सातवाहनांची प्रतिष्ठान नगरी, आणि तिच्याशी कथाकार गुणाढ्याचे नाव जोडले गेले आहे. पैशाची भाषेतील त्याची बृहत्कथा लोपली, परंतु तिच्या आधारे अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेला कथासरित्सागर उरला. त्यात एका नगराचे वर्णन आहे. राजपुत्र नरवाहनदत्त समुद्रकाठच्या त्या नगरात शिरतो. पेठेत व्यापारी आहेत, रस्त्यांत स्त्रिया आहेत, नागरिकांची ये-जा चालली आहे, आणि ही सगळी माणसे लाकडाची आहेत. ती सजीवांप्रमाणे हालतात, फिरतात. ती निर्जीव आहेत हे कशावरून ओळखावे? तर त्यांना वाणी नाही यावरून. बोलत नाहीत, एवढीच खूण! जी खूण पंडित सोमदेवाने लिहून ठेवली, ती पाणचक्कीवर माझ्या आजीला आपोआप सुचली. हालचाल म्हणजे जीव नव्हे. जात्यावर ओवी हवी.

त्या कथेतला पुढचा भाग मला अधिक हृद्य वाटतो. त्या नगरात एकच जिवंत माणूस आहे. त्याचे नाव राज्यधर, आणि जातीने तो सुतार आहे. कांची नगरीचे हे दोघे भाऊ, प्राणधर आणि राज्यधर. थोरल्याने यंत्राचे हंस करून राजाच्या खजिन्यातील रत्ने पळविली आणि गाव सोडले; धाकटाही परागंदा होऊन या ओसाड नगरीत येऊन पोहोचला, आणि एकटेपणा सोसवेना म्हणून त्याने लाकडाची वस्ती घडविली. सत्तेच्या लोभाने नव्हे, शत्रूच्या पारिपत्यासाठी नव्हे, सोबतीसाठी! खेळगडी नसलेले मूल कोपऱ्यात बसून काय करते? काड्यापेटीला चाके लावते, चिंधीला तोंड काढते आणि तिच्याशी बोलू लागते. राज्यधराने तेच केले.

मी तेच केले. कर्णपुऱ्याच्या यात्रेत, नवरात्रात, मला पत्र्याचा एक शिपाई मिळाला होता. पाठीत चावी. चावी दिली, की तो बंदूक खांद्यावर घेऊन खडखडत आठ-दहा पावले जाई आणि मान किंचित वाकवून थांबे. जणू काही तो काही विसरला आहे आणि आता त्याला आठवेल. त्याच्या त्या थांबण्यावर माझा जीव जडला होता. एका दुपारी, तो काय विसरतो हे पाहण्यासाठी, मी अडकित्त्याच्या टोकाने त्याच्या पाठीचे दुमडलेले कान उचकटले. आतली कमान सुटून माझ्या अंगठ्याला लागली, रक्त आले. पण माझे लक्ष तिकडे नव्हते. शिपायाच्या पोटाच्या आतल्या बाजूला चित्र होते! वनस्पती तुपाच्या डब्यावर असते तसे ताडाचे अर्धे झाड, उलटे, आणि त्याच्या बाजूला तुटलेली दोन अक्षरे. शिपाई मुळात डबा होता. कोणीतरी तो डबा कापला, उलटा केला, ठोकला, आणि त्याला बंदूक दिली. पुढे वाचनात आले, की महायुद्धानंतर बेचिराख झालेल्या जपानातही खेळणी करणाऱ्यांनी टाकाऊ डब्यांच्या पत्र्यापासूनच मोटारी घडविल्या होत्या. यात्रेतल्या माझ्या शिपायाचे गोत्र तेच. तेव्हापासून माझ्या प्रत्येक यंत्रमानवाच्या पोटात मी काहीतरी उलटे रंगवितो. बाहेरून ते दिसत नाही, पण ते तेथे आहे हे मला ठाऊक असते.

बालपण चित्रकाराला काय पुरविते, हा प्रश्न निघाला म्हणजे मला पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांची आठवण होते. त्यांच्या चित्रांतला कंदील कोठून आला? पत्र्याचे काम करणाऱ्या, कंदील दुरुस्त करणाऱ्या आजोबांच्या सहवासातून. घोडे कोठून आले? त्यांनी स्वतः सांगितले आहे, की बालपणी मोहरममध्ये पाहिलेल्या दुलदुल घोड्याच्या मिरवणुकीतून. आई ते तान्हे असतानाच गेली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, आणि म्हणून त्यांच्या कितीतरी स्त्रियांना, मदर तेरेसांच्या चित्रमालेलासुद्धा, चेहरा नाही. पदराच्या काठाखाली नुसता काळोख आहे. गुरुजी म्हणत, जे आठवले ते मोठे. हुसेनांनी त्याला पुरवणी जोडली : जे आठवत नाही, तेही तितकेच मोठे, आणि त्याची जागा चित्रात रिकामी सोडावी लागते.

हेच हुसेन उमेदीच्या काळात, सिनेमाचे फलक रंगवून झाल्यावर, मुंबईत लहान मुलांचे फर्निचर आणि लाकडी खेळणी घडवीत होते, हे फारसे कोणी लक्षात ठेवीत नाही. आणि २०११ साली ते गेले, तेव्हा त्यांच्या मनात जी शेवटची मोठी कृती आकार घेत होती, ती कोणती? ती त्यांच्या पश्चात २०१९ मध्ये कतारची राजधानी दोहा येथे खुली झाली. जुन्या मोटारी, काचेचे पूर्णाकृती घोडे, आणि हे सर्व फिरविणारा यांत्रिक मंच! नव्वदी उलटलेल्या चित्रकाराने रंग आणि ब्रश यांच्या पलीकडे जाऊन शेवटी एक भले मोठे चावीचे खेळणे मागितले. पंढरीच्या यात्रेत फिरत्या लाकडी घोड्यांचा पाळणा त्यांनी पाहिला होता की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण ते घोडे पाहताना मला चंद्रभागेचे वाळवंट दिसते, एवढे खरे.

आता दुसरा मुद्दा : नाव. आपण मराठीत यंत्रमानव म्हणतो. शब्द भारदस्त आहे, डौलदार आहे. परंतु त्यात एक गोष्ट हरवली आहे. रोबो या मूळ शब्दाचा जन्म कोठे झाला? तो कारखान्यात झाला नाही, प्रयोगशाळेत झाला नाही; तो एका चित्रकाराच्या इझलसमोर झाला. प्राग शहरात कारेल चापेक हा नाटककार एका नव्या नाटकाची कल्पना घेऊन आपल्या थोरल्या भावाकडे, योसेफकडे गेला. योसेफ चित्रकार, तो कॅनव्हाससमोर उभा राहून रंगवीत होता, आणि एक ब्रश त्याने तोंडात धरला होता. कारेल म्हणाला, या कृत्रिम मजुरांना काय म्हणावे ते सुचत नाही; लॅटिनवरून एक नाव सुचले आहे, पण ते पुस्तकी वाटते. योसेफ रंगविणे न थांबविता, दातांतल्या ब्रशच्या आडून पुटपुटला, मग त्यांना रोबो म्हण. ही हकीकत कारेलने स्वतः पुढे छापली आहे. ते नाटक १९२१च्या जानेवारीत प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आले आणि तो शब्द जगभर गेला.

आणि त्या शब्दाचा अर्थ? चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर बिनमोबदला करावयाची सक्तीची मजुरी. मराठवाड्यातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागतो काय? आपल्याकडे त्याला वेठ म्हणत, बेगार म्हणत. जहागीरदाराचा हुकूम सुटला, अंमलदाराचा मुक्काम पडला, की गावातून माणसे वेठीला धरली जात. कोणी सरपण वाहावे, कोणी ओझी, कोणी घोड्यांना पाणी दाखवावे. १७ सप्टेंबर १९४८ला निजामी राजवट संपली, त्या वेळी ज्यांच्या पाठी या वेठीने वाकल्या होत्या, ती माणसे आमच्या लहानपणी ओट्यावर बसून बिड्या ओढीत असत. आमच्या गल्लीतल्या अशा एका म्हाताऱ्याची चाल मला स्पष्ट आठवते : चालता चालता तो एकाएकी थांबे, मान किंचित वाकवी, आणि कोणीतरी हाक मारील म्हणून वाट पाहिल्यासारखा उभा राही. माझ्या पत्र्याच्या शिपायाचे ते थांबणे! दोन्ही आठवणी माझ्या चित्रात एकमेकींत केव्हा मिसळल्या, हे मी आज वेगळे करून सांगू शकत नाही.

म्हणूनच मला असे सुचवावेसे वाटते, की यंत्रमानव हा शब्द आपण खुशाल वापरावा, पण चित्रकाराने मनात मात्र 'वेठ्या' म्हणावे. कारण ज्याने हे नाव दिले, त्या योसेफचे बालपण या शब्दाशी जोडलेले होते. चित्रकलेकडे येण्यापूर्वी तो विणकामाच्या शाळेत शिकला होता आणि कापडाच्या गिरणीत कामाला होता. माग आणि मजूर यांचा खडखडाट त्याच्या कानांत पौगंडावस्थेपासून होता. आणि याच योसेफने पुढे उभ्या हयातीत काय रंगविले? खेळणारी मुले. कुत्रा आणि मांजर यांच्या बालकथांचे १९२९ सालचे त्याचे पुस्तक, त्याने स्वतः लिहिलेले आणि स्वतः रंगविलेले, त्याच्या देशातली मुले आजही वाचतात. रोबोला नाव देणारा आणि मुलांचे खेळ चितारणारा हात एकच होता! त्या हाताचा शेवटही सांगितला पाहिजे. १९३९च्या सप्टेंबरात, युद्ध सुरू झाले त्याच दिवशी, नाझींनी त्याला पकडले. एका छळछावणीतून दुसरीत असे साडेपाच वर्षे फिरविले. १९४५च्या एप्रिलमध्ये बेर्गेन-बेल्सन येथे, युद्ध संपण्यास काही आठवडे उरले असता, तो गेला. वेठीचा शब्द जगाला देणारा चित्रकार स्वतः वेठीला धरला जाऊन संपला. याहून अधिक मी यावर बोलू इच्छित नाही.

तिसरा मुद्दा स्मृतीचा आहे, आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. यंत्राला स्मृती असते काय? असल्यास कोणाची?

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी फ्रँकलिन इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे. तेथे १९२८ साली एका कुटुंबाकडून मोडक्या, आगीत होरपळलेल्या पितळी यंत्राचे अवशेष आले. एका लहान मुलाची ती आकृती होती. मूल गुडघे टेकून बसलेले, हातात लेखणी. कोणी घडविली, कोठे घडविली, याचा दस्तऐवज नाही. घरच्यांची समजूत होती ती एका भलत्याच कारागिराच्या नावाची. संस्थेच्या यंत्रज्ञाने परिश्रमपूर्वक ती दुरुस्त केली, कमान भरली, हातात लेखणी दिली. मुलाने मान वळविली, डोळे कागदाकडे केले, आणि चित्र काढू लागले. एकामागून एक चार चित्रे. त्यांत शिडांचे एक जहाज, इतके नाजूक की दोरखंडन् दोरखंड मोजावा. मग तीन कविता. आणि शेवटच्या कवितेच्या महिरपीत त्याने फ्रेंचमध्ये लिहिले, की हे मेयार्देच्या यंत्राने लिहिले आहे. आँरी मेयार्दे हा स्वित्झर्लंडचा घड्याळजी सन १८००च्या सुमारास लंडनमध्ये काम करीत होता. माणसे ज्याचे नाव विसरली होती, ते नाव पितळेच्या पोराने स्वहस्ते लिहून दाखविले! मी ही हकीकत प्रथम वाचली, त्या रात्री मला झोप आली नाही. पितळी तबकड्यांच्या कडा कोरून, खाचाखोचा करून, त्या घड्याळजीने आपली स्मृती एका मुलाच्या ठायी ठेवली होती. आपण आपल्या मुलांच्या ठायी ठेवतो, तशी.

आपल्या महाराष्ट्रात अशी नाती नाहीत काय? कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ आनंदराव आणि बाबूराव घ्या. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणारे हे कसबी चित्रकार. सुतारकाम, लोहारकाम घरातच पाहिलेले. चलच्चित्राचे वेड लागले, पण कॅमेरा मिळेना. तेव्हा त्यांनी तो स्वतः घडविण्याचे मनावर घेतले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी ते अर्धवट यंत्र पुढे चालविले, आणि १९१८ साली, विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने, कोल्हापुरात बनलेला तो कॅमेरा चालू झाला. त्याच्यावर घेतलेला सैरंध्री १९२० साली लोकांनी पाहिला, आणि खुद्द लोकमान्य टिळकांनी त्यांचा गौरव केला. जगाने त्यांना बाबूराव पेंटर म्हटले. पाहा, कांचीचे दोन भाऊ, प्रागचे दोन भाऊ, कोल्हापूरचे दोन भाऊ! दर वेळी यंत्र जन्मते ते दोघांच्या बोलण्यातून, आणि एक गेला तर दुसरा ते पुरे करतो. बाबूराव त्या कॅमेऱ्याची मूठ फिरवीत असतील, तेव्हा भावाचा हात त्यांच्या हाताखाली नसेल काय?

माझ्या या म्हणण्याला कोणी भावुकपणा म्हणेल, म्हणून मी आपणांस वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नेतो. १९८५च्या सुमारास स्कूटरींचा मोठा कारखाना तेथे आला आणि आपल्या गावचे रूप पालटले; शेतकऱ्यांची मुले पाळीला जाऊ लागली. काही वर्षांपूर्वी त्या वसाहतीतील एका कारखान्यात मला रेखाटने करण्याची परवानगी मिळाली. पिवळ्या रंगाचा एक यांत्रिक हात लोखंडी चौकटींना झाळ लावीत होता : वाकावे, ठिणगी, उठावे, वळावे. तीन दिवस मी त्याच्यासमोर बसलो. तिसऱ्या दिवशी मला त्याच्या चालीत काहीतरी ओळखीचे दिसले. वळण्यापूर्वी तो अगदी किंचित मागे जाई, जसा कसलेला कारागीर हत्यार टेकविण्यापूर्वी मनगट सैल करतो. मी तेथल्या वयस्क वेल्डरला विचारले. तो म्हणाला, "सर, ते माझंच वळण आहे. मी त्याला हाताला धरून शिकवलंय."

हाताला धरून! आई मुलाला बाराखडी गिरवायला शिकविते ते कसे? हाताला धरून. वस्तुतः ही रीत जुनी आहे. १९६०च्या दशकात नॉर्वेमध्ये त्राल्फा नावाच्या कारखान्याने माती वाहण्याच्या हातगाड्या रंगविण्यासाठी एक यांत्रिक हात बनविला. त्याला शिकविण्याची तऱ्हा अशी, की निष्णात रंगाऱ्याने फवारणीची नळी धरलेला तो हात एकदा स्वतः फिरवावयाचा, ती हालचाल चुंबकीय फितीवर नोंदली जावयाची, आणि पुढे यंत्राने तीच हजारदा करावयाची. म्हणजे यंत्राची स्मृती ही कोणा रंगाऱ्याच्या एका सकाळची स्मृती होती. त्याला कंबरदुखी असेल, तर तीही त्या फितीत उतरली असेल. कारखान्याच्या दफ्तरात यंत्राची नोंद असते, किमतीची असते, घसाऱ्याची असते. हात कोणाचा, याची नोंद कोणत्या रकान्यात करतात? मेयार्देच्या पोराने आपल्या कर्त्याचे नाव लिहिले. वाळूजचा पिवळा हात त्या वेल्डरचे नाव कधी लिहील काय? त्याला ते कोणी शिकविलेले नाही. म्हणून ते काम चित्रकाराकडे येते, असे मी मानतो.

आता शेवटचे एक चित्र, आणि मग मी आपली रजा घेतो.

आपल्या गावचा हिमरू सर्वांना ठाऊक आहे. सुताच्या ताण्यावर रेशमाची नक्षी. दौलताबादेला राजधानी हलली त्या काळापर्यंत त्याची परंपरा नेऊन भिडवितात. आज तो यांत्रिक साहाय्याने विणला जातो. पण जुन्या मागावर नक्षीसाठी जाला असे. ताण्याचे ठराविक दोरे ठराविक क्रमाने वर उचलले गेले पाहिजेत, त्यासाठी दोऱ्यांचा तो गुंतागुंतीचा जुडगा. आणि ते दोरे ओढण्यास विणकराखेरीज दुसरे माणूस लागे. ते पुष्कळदा मूल असे. विणकर खाली बसून धोटा फेकी, मूल वर बसून दोर ओढी. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. शाळा सुटली, की तो मागावर जाई. मी एक-दोनदा त्याच्याबरोबर गेलो. अंधाऱ्या खोलीत, छताजवळ, फळीवर तो बसलेला. खालून नुसता हुंकार येई आणि त्याची बोटे शेकडो दोऱ्यांतून नेमके तेवढेच दोरे वेचून खेचीत. खाली अंगठ्याएवढे फूल उमले. चौथीच्या मध्यावर त्याने शाळा सोडली. का, हे आम्ही कोणी विचारले नाही.

त्याच्या जागी पुढे काय आले, ते आपण जाणता. लियों शहरातल्या जोसेफ मारी जाकार याने १८०४ साली जी युक्ती काढली, तीच आपल्या मागांवरही चढली : भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. जेथे भोक, तेथे दोरा उठतो. जेथे नाही, तेथे उठत नाही. त्या पुठ्ठ्यांवरून इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजला आपल्या गणनयंत्राला भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी आज्ञा देण्याची कल्पना सुचली, आणि त्या वाटेने चालत चालत आपण संगणकाशी आलो. यंत्रमानवाच्या मेंदूचा पूर्वज पहिल्यांदा ज्या जागेवर बसला, ती जागा एका पोराची होती. पोर उठले, पुठ्ठा बसला. मूल त्या फळीवरून सुटले, याचा मला आनंद आहे, मनापासून आनंद आहे. मात्र त्याची बोटे जे जाणत होती ते कोठे गेले, हा प्रश्न मला सोडीत नाही.

सध्या माझ्या चित्रशाळेत सात फूट उंचीचा एक कॅनव्हास उभा आहे. खाली माग आहे. मागावर वाळूजचा पिवळा हात वाकलेला आहे, आणि वळण्यापूर्वी तो किंचित मागे गेला आहे. वर, छताजवळच्या फळीवर, एक मुलगा बसला आहे. त्याचा सदरा झाला, गुडघे झाले, दोरे झाले. चेहरा मला आठवत नाही. शाळेच्या फोटोच्या दिवशी तो आला नव्हता. बोटे मात्र आठवतात. उजव्या हाताच्या तर्जनीवर, मधल्या पेऱ्यात, दोर ओढून ओढून पडलेला एक पांढुरका घट्टा होता, तेवढा मी रंगवून ठेवला आहे.